खळ्याच्या आतलं आभाळ

घरात एकाच दिवशी सात खोकी येऊन पडली तेव्हा बाईंना वाटलं, सुनेने स्वयंपाकघर नव्याने मांडायला काढलंय. एका खोक्याच्या वजनावरून तर आत मोठा कुकरच असणार अशी त्यांची खात्री झाली होती. सून कामावरून आली, चपलाही न काढता तिने खोकी मोजली आणि त्यातलं एक उचलून छातीशी धरून दारातच फतकल मारून बसली.

"आई, आलं! ग्राफिक्स कार्ड आलं!"

"बरं झालं हो," बाई म्हणाल्या. काय बरं झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण पोरीचा चेहरा बघून दुसरं काही म्हणवेना.

बाईंना सगळे बाईच म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी एका डोंगरावरच्या हवामान केंद्रावर निरीक्षक म्हणून काढली होती. दर तीन तासांनी बाहेर यायचं, मान वर करायची, मनातल्या मनात आभाळाचे आठ भाग पाडायचे. त्यातले किती ढगांनी भरलेत, ढग कोणत्या जातीचे, किती उंचावर, कुठून कुठे चाललेत, ते वहीत लिहायचं आणि फोनवरून खाली कळवायचं. फोनवरचं बोलणं सगळं आकड्यांत. पलीकडचा माणूस "मिळालं" म्हणायचा आणि फोन ठेवायचा. मग एके दिवशी केंद्रावर एक पांढरा खांब उभा राहिला, त्याच्या डोक्यावर यंत्र बसलं आणि बाई निवृत्त झाल्या. राहायची खोलीही सुटली. इस्पितळात नर्स असलेला मुलगा म्हणाला, "आई, आता तू आमच्याकडेच ये."

मुलाचं घर चौथ्या मजल्यावर, आणि समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. खिडकीतून मान तिरकी केली की दीड वीत आभाळ दिसे. बाईंनी तक्रार केली नाही. पहिला आठवडाभर सवयीने दर तीन तासांनी खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. दीड वीत आभाळाचे आठ भाग पडत नाहीत हे कळल्यावर त्यांनी ते सोडून दिलं.

सून दातांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर माणसांच्या कवळ्या आणि दातांच्या टोप्या घासूनपुसून तयार करायच्या, केसाइतका फरक राहिला तरी पुन्हा करायच्या, असलं चिकट काम. घरी आली की गेम खेळायची. गेली पाच वर्षं ती एका गेमची वाट बघत होती. त्याचं नाव 'अथांग'. नकाशावर न मावणारा समुद्र, त्यात हजारो बेटं, आणि तुमचं एक शिडाचं जहाज. जगभरातली माणसं एकाच वेळी त्याच समुद्रात. जुन्या संगणकाला तो झेपणार नव्हता, म्हणून नवीन संगणक सुटे भाग आणून घरीच जोडायचं ठरलं होतं, आणि ते भाग निवडण्यात पोरीने तीन महिने घालवले होते. फ्रिजच्या दारावर तक्ते चिकटवलेले. सकाळी चहाबरोबर प्रोसेसर, रात्री जेवताना मॉनिटर.

"माझं स्थळ बघताना एवढा विचार केला होतास का गं?" मुलाने एकदा वैतागून विचारलं होतं.

"तुझे भाग सुटे मिळत नव्हते," सून म्हणाली होती.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून तिने खोकी उघडली. बाई मटार सोलत समोर बसल्या. सुनेने प्रयोगशाळेतला आपला बारीक चिमटा आणला होता, आणि त्याने ती इवलेसे स्क्रू असे उचलत होती की बाईंना कौतुक वाटलं.

"हा प्रोसेसर. हे डोकं, हिशेब सगळा इथे. आणि हे ग्राफिक्स कार्ड, हा चित्रकार. तुम्ही समुद्राकडे बघितलंत की समुद्र काढतो, मान वळवलीत की आभाळ काढतो. एका सेकंदात शंभर वेळा."

"शंभर चित्रं? एका सेकंदात?"

"हो. म्हणून तर तापतो. त्याला थंड ठेवायला हे पंखे. दोन पुढून हवा आत घेणार, आणि हे दोन वरून आत मारणार, थेट प्रोसेसरच्या डोक्यावर."

बाईंचे हात थांबले. "वरून खाली?"

"गेम खेळणाऱ्यांच्या फोरमवर एकाने तसंच सांगितलंय."

"त्याने सांगितलं असेल गं. पण आतली हवा तापली की वर येणार, आणि तू वरून तिलाच पुन्हा खाली दाबणार. बिचारीने जायचं कुठे?" बाईंनी मटाराची शेंग उभी धरली. "खालून गार हवा घे, वरून गरम सोडून दे. तिला जायचंच असतं वर, आपण फक्त दार उघडं ठेवायचं. ढग तरी दुसरे कशाने होतात?"

सून क्षणभर शेंगेकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही तऱ्हेने पंखे लावून बघितले. बाईंच्या तऱ्हेने तापमान नऊ अंशांनी उतरलं. तिने लगेच फोरमवरच्या त्या माणसाला तसं कळवलं, आणि खाली लिहिलं, 'सासूबाईंचा सल्ला'.

गेम आला त्या दिवशी सुनेने रजा टाकली. आत शिरायलाच दीड तास रांग. सर्व्हर दोनदा कोसळला. लोक फोरमवर इतके चिडले होते की वाचता वाचता सुनेलाच घाम फुटला. मग एकदाचं ते दार उघडलं आणि पडदाभर पाणी पसरलं.

बाई मागे कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी वर बघितलं, आणि हातातला टॉवेल तसाच राहिला.

समुद्र चांगला होता, पण बाईंना समुद्राचं फारसं कळत नव्हतं. त्या वर बघत होत्या. सगळं आभाळ. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये भिंत नाही, गच्ची नाही, वायर नाही. खूप उंचावर पांढऱ्या रेघा ओढलेल्या होत्या, विंचरलेल्या केसांसारख्या, आणि प्रत्येक रेघेचं टोक किंचित वर वळलेलं.

"दोन अष्टमांश," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"काय म्हणालात?"

"काही नाही. खेळ तू."

सून खेळत राहिली, दोरखंड ओढायला शिकत राहिली. अर्ध्या तासाने त्या रेघांचा दुधी पडदा झाला, आणि सूर्याभोवती एक मोठं, फिकट, गोल कडं उमटलं. बाई खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ आल्या. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.

"अगं, हलू नकोस जरा. वरच बघत राहा."

"काय झालं?"

"सूर्याला खळं पडलंय. ते कोणीही काढेल, पुस्तकातल्या चित्रात असतं. पण आत बघ. खळ्याच्या आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा किंचित काळं आहे. दिसतंय? आणि आतल्या कडेला तांबूस झाक." बाईंचा आवाज खाली आला होता. "खरं तसंच असतं. पण हे कोणाला माहीत नसतं गं. चौतीस वर्षांत मी कोणाला हे बोलताना ऐकलं नाही. हे ज्याने केलंय त्याने मान मोडेपर्यंत वर बघितलेलं आहे."

सुनेला तो फरक दिसायला पूर्ण एक मिनिट लागलं.

त्यानंतर तासाभरात तिचं जहाज बुडालं. भलंमोठं वादळ आलं, शीड फाटलं, पहिल्या दिवशी मिळवलेला सगळा माल पाण्यात. सुनेने कपाळाला हात लावला. "हे असं कुठूनही येतं! काही सूचना नाही, काही नाही!"

"मला वाटलं, तू मुद्दामच निघालीस," बाई म्हणाल्या. "म्हटलं, पोरीला धाडस करायचं असेल. तासभर सांगत होतं ना ते."

"कोण सांगत होतं?"

"आभाळ."

सुनेने वळून सासूकडे बघितलं.

पुढचे चार दिवस दोघी एकत्र बसायच्या. सून जहाज हाकायची, बाई शेजारी वहीत लिहायच्या. आधी वर केसांसारख्या रेघा, मग दुधी पडदा आणि खळं, मग सूर्य असा दिसतो की जणू घासलेल्या काचेतून बघतोय, आणि माणसांच्या सावल्या पुसल्या जातात. त्याच्याही आधी लांबून, वाऱ्याशी संबंध नसलेल्या दिशेने, संथ रुंद लाटा येऊ लागतात. बाईंनी चार वादळं सांगितली, आणि चारही आली. एकदा तर मुलगा पाठीमागे चहा पीत उभा होता, बाई म्हणाल्या, "तुझा चहा संपेपर्यंत वारा पडेल." चहा संपला. शीड लुळं पडलं. मुलाने कप खाली ठेवला आणि आईकडे असं बघितलं, जणू ही बाई आपल्या घरात आजच राहायला आली.

बाहेर मात्र खेळणाऱ्यांनी रान उठवलं होतं. रिव्ह्यूंमध्ये नापसंतीचे उलटे अंगठे ढिगाने पडत होते. 'वादळ नव्हे, लबाडी.' 'आभाळ सुंदर, अक्कल शून्य.' 'ज्याने वादळं केली त्याला आधी बुडवा.' सगळ्यात जहाल लिहिलं होतं 'ओलाबूट' असं टोपणनाव घेतलेल्या एकाने. त्याचं जहाज अकरा वेळा बुडालं होतं आणि त्याने अकराही वेळांचं वर्णन केलं होतं. सहाव्या दिवशी गेम बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं, 'आम्ही तुमचं ऐकलं आहे. पुढच्या अपडेटमध्ये वादळाच्या दहा मिनिटं आधी पडद्यावर लाल सूचना येईल.'

सुनेने ते मोठ्याने वाचून दाखवलं. तिला वाटलं होतं बाई हसतील.

"आभाळावर पाटी लावणार?" बाई म्हणाल्या. "लाल पाटी लागली की वर कोण बघणार गं? मग त्याने ते खळं कशाला केलं एवढं जीव लावून?"

"तुम्ही सांगा ना त्यांना."

"मी? मी काय सांगणार? मला आकडे सांगता येतात."

"आकडेच सांगा. रविवारी सकाळी आपण जहाज घेऊन निघू, मी ते सगळ्यांना दिसेल असं लावते. तुम्ही फक्त तिथे बसून बोला. माझ्याशी बोलता तसं."

बाई आधी नाही म्हणाल्या. मग कोणती साडी नेसू म्हणून विचारलं. सून म्हणाली, "आई, फक्त आवाज जाणार आहे." तरी रविवारी सकाळी दहा वाजता बाई इस्त्रीची साडी नेसून, वेणी घालून, मोठाले हेडफोन कानांवर चढवून बसल्या. मुलाने दारावर 'बेल वाजवू नये' असा कागद लावला.

सुरुवातीला तीस-चाळीस माणसं ऐकायला आली, तीही बहुतेक टवाळी करायला. पडद्याच्या कडेला त्यांचं लिहिणं धावत होतं. 'आजी आल्या.' 'आजी, आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालू का?'

"घाल," बाई म्हणाल्या, "पण अडीच तासांत काढ."

त्यावर एकदम बरेच जण हसले. हसणाऱ्यांमध्ये ओलाबूटही होता.

मग बाईंनी सुरुवात केली. एकदा "आभाळ तीन अष्टमांश" म्हटल्यावर चौतीस वर्षांची सवय आपोआप चालू झाली. ह्या रेघा बघा. टोकं कुठे वळलीत बघा. आता लाटांकडे बघा, वारा दक्षिणेचा आहे पण ह्या लाटा वायव्येकडून येतायत. तिकडे काहीतरी मोठं आहे आणि ते इकडे निघालंय. बघताबघता ऐकणारे तीनशे झाले, पाचशे झाले. ज्यांची जहाजं त्या भागात होती ती हळूहळू सुनेच्या जहाजाभोवती जमू लागली. काहींची शिडं लाल, काहींची ठिगळांची. संगणकाचे पंखे घोंघावू लागले, सुनेने हळूच तापमान बघितलं आणि निःश्वास टाकला.

जवळच एक बेट होतं, मधोमध उंच डोंगर असलेलं. वारा दक्षिणेचा, म्हणून जवळजवळ सगळे उत्तरेच्या आडोशाला वळले.

"तिथे नको," बाई म्हणाल्या. "पूर्वेच्या खाडीत चला."

'पूर्वेला लाटा आहेत,' कोणीतरी लिहिलं. 'आजी, इथे पाणी शांत आहे.'

"आत्ता आहे. वादळ डोक्यावरून जाताना वारा फिरेल, वायव्येकडून येईल. तेव्हा ही उत्तरेची बाजू उघडी पडेल. पूर्वेला मध्ये डोंगर आहे."

ओलाबूटने लिहिलं, 'गेममध्ये वारा असा फिरत नाही. मी अकरा वेळा बुडालोय, मला माहीत आहे.'

"बुडताना वाऱ्याकडे कोण बघतं, बाळा," बाई म्हणाल्या.

काही जहाजं तिथेच राहिली. बाकीची पूर्वेला आली, लाटांवर हेलकावत, नांगर टाकून, एकमेकांना खेटून. सुनेने मोजायचा प्रयत्न केला आणि दोनशे चाळीसनंतर नाद सोडला.

आणि काहीच झालं नाही.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. ऊन पडलेलं, दुधी पडद्यामागून का होईना, पण पडलेलं. टवाळी पुन्हा सुरू झाली. 'आजी, कपडे वाळले.' पाच-सहा जहाजांनी नांगर उचलले आणि चालती झाली. सुनेने टेबलाखाली सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाईंच्या मनात आलं, आपण कोण, आणि हे कुणी तरी बनवलेलं आभाळ, त्याने आपलं का ऐकावं? खऱ्यानेही दर वेळी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी पडद्यावरच्या खलाशाकडे बघितलं. लाकडी फळ्यांवर त्याची सावली नव्हती.

"सावल्या बघा," त्या म्हणाल्या. "आपापल्या जहाजावर स्वतःची सावली शोधा."

लिहिणं थांबलं. दोनशेहून जास्त माणसं आपापल्या खोल्यांत बसून खाली बघत असणार. मग एकाने लिहिलं, 'नाही आहे.' दुसऱ्याने, 'माझीपण नाही.'

"आता वर बघा."

वायव्येकडून ते आलं. आधी क्षितिजावर एक काळी पट्टी, मग ती पट्टी उचलली गेली आणि कळलं की ती पट्टी नाही, कड आहे. समुद्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक गुंडाळलेला ढग, पुढची कड गुळगुळीत, पोटात हिरवट उजेड. वारा एकदम पडला. दोनशे शिडं एकाच वेळी लुळी झाली. खूप लांब वीज चमकली, आणि बाईंनी सवयीने मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन... बावीसला गडगडाट आला. तो घुमत घुमत डोंगरावर आपटला आणि परत आला.

वारा फिरला. एका दमात, जणू कोणी खोलीचं दुसरं दार उघडलं. उत्तरेच्या बाजूला पांढरं पाणी उभं राहताना डोंगराच्या खांद्यावरून दिसलं. पूर्वेच्या खाडीत मात्र वारा डोक्यावरून गेला. ढग डोंगराला दोन्हीकडून वळसा घालून आला, त्याची लक्तरं शिडांच्या टोकांना लागतील इतकी खाली उतरली आणि पाऊस असा कोसळला की शेजारचं जहाज दिसेना. बाई खुर्चीतून उठल्या होत्या. हेडफोनची वायर ताणली गेली होती. त्यांनी असली वादळं आयुष्यात पुष्कळ बघितली होती, पण नेहमी एकटीने, पत्र्याच्या छपराखाली, हातात वही धरून. खाली कळवलेल्या आकड्यांत त्यातलं काहीच जायचं नाही. आज कितीतरी माणसं त्यांच्याबरोबर उभी होती आणि कोणी काही लिहीत नव्हतं. पडद्याची कड कोरी होती. सात मिनिटं एक शब्द आला नाही.

पाऊस ओसरला. ढगाची मागची कड वर सरकली आणि तिच्याखालून पिवळा उजेड सबंध समुद्रावर आडवा पसरला. भिजलेली शिडं चकाकली. खाडीतलं एकही जहाज बुडालं नव्हतं.

पहिलं वाक्य ओलाबूटचं आलं. तो उत्तरेच्या बाजूला राहिला होता. 'बारावं,' त्याने लिहिलं. आणि थोड्या वेळाने, 'पण बुडताना वाऱ्याकडे बघितलं. फिरला.'

मुलगा दारात उभा होता. इस्पितळात जायची वेळ केव्हाच होऊन गेली होती आणि त्याच्या एकाच पायात मोजा होता.

त्या आठवड्यात फोरमचा सूर बदलला. लोक आभाळाचे फोटो टाकू लागले आणि खाली अष्टमांश लिहू लागले. काहींचे चुकायचे, मग त्यावर भांडणं. ओलाबूटने आपला रिव्ह्यू पुसला आणि नवा लिहिला, फक्त एका ओळीचा, 'मी वर बघत नव्हतो.' कंपनीने लाल सूचना रद्द केली नाही, पण ज्याला हवी त्याने ती चालू करून घ्यावी असं केलं. बाईंना तेवढं पुरलं. "ज्याला जमत नाही त्याने पाटी वाचावी," त्या म्हणाल्या. "त्यात लाज काय?"

नंतरच्या शनिवारी दुपारी सुनेला एक पत्र आलं. गेमचं आभाळ दोन माणसांनी केलं होतं, त्यातल्या एकीचं. सुनेने ते सावकाश वाचून दाखवलं. 'खळ्याच्या आतला काळेपणा घालायला मला सहा आठवडे लागले. आमचे वरिष्ठ म्हणाले, हे कोणाला दिसणार आहे? मी म्हटलं, एखाद्याला तरी दिसेल. तुमच्या सासूबाईंचं बोलणं ऐकताना मी रडले. त्यांना विचारा, आमचं काय चुकलंय? खरं सांगायला सांगा.'

बाई पदराने चष्मा पुसत राहिल्या. तो पुसून झाला तरी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिही. दोन चुका आहेत आणि एक राहून गेलंय."

सुनेने कीबोर्ड ओढला.

"पहिली चूक, पाऊस थांबल्यावर लांबचे डोंगर जवळ आल्यासारखे दिसायला हवेत. हवा धुतलेली असते. तुमचे तितकेच धुरकट राहतात. दुसरी, दुपारचे छोटे ढग संध्याकाळी एकदम नाहीसे होतात. तसं नसतं. ते आधी बसतात. दमलेल्या माणसासारखे रुंद होतात, मग विरतात." बाई थांबल्या. "आणि राहिलंय ते असं. मी ते एकदाच बघितलंय. नोकरीच्या अकराव्या वर्षी. सकाळी सूर्य पाठीशी होता, खाली दरी धुक्याने भरलेली. मी कड्यावर उभी राहिले तर खाली धुक्यावर माझी सावली पडली, ही एवढी लांब. आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडी. एकात एक, तीन. इंद्रधनुष्य वळून गोल केल्यासारखी. मी हात हलवला, सावलीने हलवला. शेजारी केंद्राचा शिपाई उभा होता. मी म्हटलं, बघ रे, माझ्या डोक्याभोवती. तो म्हणाला, नाही बाई, तुमच्याभोवती काही नाही, माझ्याभोवती आहे. आमचं भांडण झालं. नंतर पुस्तकात वाचलं, दोघंही खरं बोलत होतो. ती कडी ज्याची त्यालाच दिसतात. शेजारी खांद्याला खांदा लावून उभा असला तरी त्याला आपली दिसत नाहीत."

सून टाइप करायची थांबली होती.

"लिहिलंस का?"

"आई," ती म्हणाली, "गेममध्ये प्रत्येकाचा पडदा वेगळाच असतो. एकाच जहाजावर दहा जण उभे असले तरी दहा संगणक दहा वेगळी चित्रं काढतात. प्रत्येकाला फक्त स्वतःचं कडं दाखवता येईल. अगदी खरं असतं तसं."

बाई टेबलाखालच्या संगणकाकडे वळल्या आणि त्याच्या काचेतून आत बघत म्हणाल्या, "मग लिही त्यांना. म्हणावं, घाई नको. सहा आठवडे लागले तरी चालतील, सहा महिने लागले तरी चालतील."

सुनेने तसं लिहिलं आणि पत्र पाठवून दिलं.